पेशवे दफ्तरात आमचा गट: काय पाहिलं, आणि जाण्याआधी काय ठरवून जावं

दौत

पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे जपलेले कागद, बघायला जायचं ठरलं की निम्म्या मंडळींच्या डोळ्यांसमोर शिवाजी महाराजांचं पत्र तरळू लागतं आणि उरलेल्यांना आपल्या आडनावाचा सरदार सापडायचा असतो. आमचा गट काही वेगळा नव्हता. सुट्टीच्या दिवशी वाडे, बारवा, वीरगळ बघत हिंडणारी ही माणसं. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजातली मुलं आहेत, आयटीवाले आहेत, एक वकीलबाई आहेत. आधी अर्ज करून, परवानगी हातात पडल्यावर हे दफ्तर जिथे आहे त्या पुणे पुरालेखागारात आम्ही जाऊन आलो. फोटोंचा धागा हवा असेल तर निराशा होईल, हे आधीच सांगतो.

बंड गार्डन रस्त्यावरची ती दगडी इमारत १८९१ सालची. मुळात दफ्तर ठेवण्यासाठीच बांधलेली. बाहेरून जुन्या इंग्रजी कचेरीसारखी, आणि आत मांडण्यांवर कापडात बांधलेली गाठोडी, म्हणजे रुमाल. असे रुमाल तीस हजारांच्या वर आहेत आणि त्यांतले सुटे कागद कोटींच्या घरात. बहुतेक सगळे मोडी लिपीत. आमच्यातला एक मुलगा आकडा ऐकून म्हणाला, "मग हे वाचलंय कोणी?" प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याचं खरं उत्तर एवढंच की फार थोडं.

ते टिकलं कसं, ही गोष्ट मला कागदांइतकीच रंजक वाटते. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाचं राज्य बुडालं आणि इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दफ्तर ताब्यात घेतलं. इतिहासावरच्या प्रेमापोटी अजिबात नाही. कोणतं गाव कोणाला इनाम, कोणाचं वतन खरं आणि कोणी नुसतंच रेटून नेलंय, हे कळल्याशिवाय महसूल बसवता येईना. पुढे इनाम कमिशन आलं, म्हणजे इनामांची चौकशी करणारं सरकारी मंडळ. १८५२च्या कायद्याने त्याला दात फुटले. पुरावा दाखवा, नाहीतर जमीन खालसा. सरकारजमा झालेल्या दफ्तरात इनामदारांच्या घरचे कागदही येऊन पडले. या चौकशीने दख्खनेतल्या कितीतरी घरांची झोप उडवली, आणि तिच्याचमुळे आज आपल्याला दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या गावाचा जमाखर्च वाचता येतो. इंग्रजांना दुवा द्यावा की शिव्या, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दोन्ही देता येतात.

बरं, जपलं म्हणजे दाखवलं असंही नाही. कित्येक दशकं बाहेरच्या अभ्यासकाला तिथे सहजासहजी शिरकाव नव्हता. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांसारखी माणसं त्याच काळात गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून, फडताळांतून कागद गोळा करत होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला तो अशाच खटाटोपातून. सरकारी दफ्तराचं दार खऱ्या अर्थाने किलकिलं झालं ते १९३०च्या सुमारास. रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. इतिहासकार सर जदुनाथ सरकारांनी त्यासाठी बराच जोर लावला होता. पंचेचाळीस खंड म्हणजे फडताळ भरतं, पण एकूण दफ्तरापुढे ती चिमूटच.

आता मुद्द्याचं. तिथे "काहीतरी जुनं दाखवा" म्हणून जाऊ नका. दाखवतात, सौजन्याने दाखवतात, पण आपल्याला त्यातलं काही कळत नाही आणि समोरच्याचा वेळ जातो. आमच्यातल्या ज्यांनी घरून प्रश्न नेला होता त्यांनाच काही मिळालं. 'आमच्या गावाची माहिती' हा प्रश्न नव्हे. 'अमुक तर्फेतल्या अमुक मौज्याचा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला वसूल' हा प्रश्न. म्हणजे निघण्याआधी आपलं गाव तेव्हा कोणत्या प्रांतात, कोणत्या परगण्यात, कोणत्या तर्फेत होतं ते शोधा. आजचा तालुका-जिल्हा तिथे चालत नाही. पुण्याजवळचं गाव असेल तर ते तर्फ हवेलीत होतं की कर्यात मावळात, यावर कोणता रुमाल उघडायचा ते ठरतं.

दुसरं, दफ्तराचे विभाग समजून घ्या. रोजकीर्द म्हणजे सरकारी रोजनिशी, दिवसाच्या दिवशी काय हुकूम सुटले, काय खर्च पडला ते. घडणी दफ्तर, प्रांत अजमास, पागा, जमाव, शाहू दफ्तर अशी नावं कानावर पडतील. गावाचा वसूल शोधणाऱ्याने पागेचे, म्हणजे घोडदळाचे, कागद चाळत बसण्यात अर्थ नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. त्यांच्या डोक्यात जी सूची असते ती छापील सूचीपेक्षा पुष्कळदा मोठी असते.

आणि महाराजांचं पत्र. पेशवे दफ्तराचा मोठा भाग अठराव्या शतकातला आहे, शिवकालीन अस्सल कागद मुळातच कमी उरलेत. अपेक्षा त्या बेताने ठेवा.

---

खडूफळा

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). माझी शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण हे वाचून परत विद्यार्थी व्हावंसं वाटलं. एक शंका. गटात मोडी येणारं कोणी नसेल तर जाण्यात अर्थ आहे का? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात इतिहासाचे वेडे बरेच आहेत, पण मोडीच्या नावाने सगळ्यांचीच बोंब.

---

दौत

@खडूफळा सर, एक जण तरी हवाच. नाहीतर आपण कागदाकडे बघत राहतो आणि कागद आपल्याकडे.

---

मावळतीर

मोडीबद्दल थोडं लिहितो, कारण लोक एकतर तिला फार घाबरतात नाहीतर फार सोपी समजतात.

मुळाक्षरं शिकायला फार दिवस लागत नाहीत. वर्गात आठवडाभर बसलात तर छापील मोडी अडखळत वाचता येते, आणि तिथेच लोकांचा गैरसमज होतो. छापील मोडी ही गुळगुळीत केलेली मोडी. खऱ्या कागदावर आधी कागदभर आडवी रेघ मारलेली असते आणि अक्षरं तिला लटकवत नेलेली. शब्द तोडलेले नसतात. विरामचिन्हं नाहीत. इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घ नाही. एक ओळ म्हणजे एक अखंड वेटोळं, आणि त्यात शब्द कुठे संपतो ते तुम्ही अर्थावरून ठरवायचं. म्हणजे वाचायला लिपी कमी आणि त्या काळची मराठी जास्त लागते. 'मोकदम', 'मोहतर्फा', 'बाबती', 'खंडणी', 'तगाई' हे शब्द डोक्यात नसतील तर अक्षरं ओळखूनही ओळ लागत नाही.

त्यात संक्षेप. 'पा।' कुठे परगणा तर कुठे पाठविले. राजश्रीचा तर एकच फराटा उरतो. हिशेबात पाव, निम्मा, पाऊण उभ्या रेघांनी दाखवतात. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा. नवख्याला तो दंड वाटतो आणि तो वाक्य संपलं म्हणून थांबतो.

वळणंही निरनिराळी. चिटणिशी वळण डोळ्याला गोड, बिवलकरीही देखणं. बोरूने, सावकाश लिहिलेले पेशवाईतले सरकारी कागद त्या मानाने सुवाच्य असतात. माझ्या मते सगळ्यांत छळणारी मोडी ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची, टाकाने झपाझप ओढलेली. गंमत म्हणजे बहुतेकांच्या घरी सापडतात ते कागद नेमके याच काळातले. मुंबई इलाख्यात १९१७ साली सरकारी कामासाठी मोडीऐवजी बाळबोध (देवनागरी) वापरायचं ठरलं, तरी मोडी पुढे कितीतरी वर्षं लिहिली जात होती. शाळेत १९५०च्या दशकापर्यंत शिकवत होते. खडूफळा सर, तुमच्या संघात नव्वदीच्या पुढचं कोणी असेल तर विचारून बघा, मोडी शिकलेलं माणूस घरातच निघायचं.

---

गावशीव

माझा साधा प्रश्न आहे. आमचं घराणं पेशव्यांच्या फौजेत होतं असं आजोबा सांगायचे, सनद होती म्हणे, ती भाऊबंदकीत गेली. आडनाव सांगितलं की तिथे शोधून देतात का? संगणकावर आडनाव टाकून?

---

दौत

@गावशीव नाही. सूची आडनावांची नाही, विषयाची आणि प्रदेशाची आहे. शिवाय त्या काळच्या कागदात माणूस आडनावाने येईलच असं नाही. अमुक बिन तमुक, मोकदम (पाटील), मौजे अमके, असा येतो. तेव्हा पूर्वजाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव आणि साधारण काळ एवढं तरी हाताशी हवं. फौजेत होते तर कोणत्या सरदाराच्या पथकात, हे कळलं तर काम निम्म्याने हलकं होईल. आजोबांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून काढा, त्यात एखादं गाव, एखादी लढाई आली असेल तर तोच धागा धरा.

---

कोरा कागद

स्पष्ट बोलतो, राग नसावा. असे गट जाणं म्हणजे पुरालेखागाराची सहल करणं. तिथे आधीच माणसं कमी, अभ्यासकांना रुमाल मिळायला थांबावं लागतं, आणि त्यात वीस जणांचा घोळका "वा वा किती जुनं" करत फिरणार. प्रत्येक वेळी रुमाल सुटतो-बांधला जातो तेव्हा कागदाच्या कडा झिजतात. सगळं स्कॅन करून नेटवर टाका, घरबसल्या बघा. आणि हे सगळे शोधणार काय, तर आपला पूर्वज सरदार होता. नांगर धरणारा पूर्वज कोणालाच नको असतो.

---

उंबरठा

@कोरा कागद, शेवटच्या वाक्याशी सहमत, बाकीच्याशी नाही.

दौत यांच्याच गटातून मी गेले होते. माझ्या घराण्याचं काही शोधायला नाही, घराणं शोधून मला काय करायचंय, लग्नानंतर ते कोणतं धरायचं तेही कळत नाही. मला बघायचं होतं की या कागदांत बायका कुठे आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत जिजाबाई, ताराबाई, अहिल्याबाई, गोपिकाबाई, आनंदीबाई एवढ्यांवर यादी आटोपते. दफ्तरात मात्र बायका ठिकठिकाणी आहेत, फक्त त्या शोधायच्या कुठे हे माहीत हवं.

करांमध्ये बघा. 'पाटदाम' नावाचा कर होता, विधवेने पाट लावला म्हणजे पुनर्विवाह केला की भरायचा. लग्नटका होताच. वतनाच्या तंट्यांत विधवा स्वतः फिर्यादी म्हणून उभ्या राहिलेल्या दिसतात, दिराने जमीन दाबली म्हणून. कोतवालीच्या हिशेबात बदकर्माचे, म्हणजे व्यभिचाराचे, दंड आहेत, त्यात बायकांची नावं आहेत. आणि कुणबिणी. विकत घेतलेल्या, सरकारी कोठ्यांत, पागांत, वाड्यांत राबणाऱ्या दासी. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या, बक्षीस देण्याच्या, क्वचित म्हातारपणी सोडून दिल्याच्या नोंदी पेशव्यांच्या रोजनिशीत आणि हिशेबांत आहेत. किंमत लिहिलेली असते. पुढच्या ओळीत बैलाची किंमत.

ते वाचताना गटातली एक मुलगी म्हणाली, आपण शनिवारवाड्यात उभं राहून जे फोटो काढतो त्यात हे कुठेच नसतं. मला वाटतं गटाने जाण्याचा उपयोग तोच. एकटा अभ्यासक जातो तेव्हा त्याच्या विषयाचा रुमाल उघडतो आणि निघतो. आम्ही दहा जणी-जण, दहा प्रश्न. मी मोहतर्फा बघितला, म्हणजे कारागिरांवरचा कर. तेली, साळी, कोष्टी, चांभार, माणसागणिक. नांगर धरणारे आणि हातमाग ओढणारे त्या पानांत आहेत. ज्याला नको असतील त्याने सनदा शोधाव्यात.

---

कोरा कागद

@उंबरठा हे वाचायला आवडलं. तरी घोळक्याबद्दलचं माझं मत तेच. आणि स्कॅनिंगचं काय?

---

दौत

घोळक्याचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य. म्हणूनच आम्ही दोन तुकड्या केल्या, आणि मूळ रुमाल मोजकेच उघडायला सांगितले. पेन आत नेलं नाही, पेन्सिली नेल्या. खाणं-पिणं बाहेर. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असलेल्या एका काकांना आधीच समज दिली होती, तरी एकदा बोट ओठाकडे गेलंच, आणि तीन जणांनी एकदम "काका!" म्हणून हाक मारली.

स्कॅनिंग व्हायलाच हवं, होतही आहे. पण कोटींमध्ये असलेले कागद, एकेक उलगडून, सुरकुती काढून, सरळ करून, मग छायाचित्र. त्यानंतरही ते चित्रच. त्यावर कोणत्या गावाचा, कोणत्या सालाचा, कशाबद्दलचा एवढं तरी कोणीतरी वाचून लिहिल्याशिवाय तुम्ही घरबसल्या शोधणार काय? खरी टंचाई कॅमेऱ्याची नाही, वाचणाऱ्याची आहे. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, संगणकाला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयोगही चालू आहेत. पण त्या संगणकालाही आधी कोणीतरी अचूक वाचून दाखवलेले हजारो नमुने लागतात. ते वाचणार कोण? पुन्हा आपणच.

---

हिशेबनीस

वाचणाऱ्यांच्या टंचाईवरून आठवलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि एका रात्रीत मोडी वाचकांना सोन्याचा भाव आला. आरक्षणाच्या वादात मला शिरायचं नाही, इथे ते नकोच. पण त्या निमित्ताने जन्म-मृत्यूची रजिस्टरं, कोतवाल बुकं, शाळेचे जुने दाखले, जमिनीची पत्रकं हे सगळं पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर उघडलं गेलं. तोपर्यंत ती फारशी कोणाला माहीतही नव्हती.

माझा मुद्दा असा की गावाचा इतिहास शोधायला प्रत्येकाने पुण्याला पळायची गरज नाही. पेशवे दफ्तर हा त्यातला भव्य भाग, मान्य. पण तुमच्या पणजोबांचं नाव, त्यांच्या भावंडांचं, कोणत्या साथीत घरातलं कोण गेलं, हे तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळण्याची शक्यता जास्त. कोतवाल बुकात मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं. एका गावाच्या १९१८च्या पानांवर तापाने गेलेल्यांची रांग बघितली आणि इन्फ्लुएंझाच्या साथीबद्दल आजवर वाचलेलं सगळं फिकं पडलं.

एका कचेरीत (नाव घेत नाही) ही रजिस्टरं गळक्या खोलीत जिन्याखाली रचलेली पाहिली. वाळवीने कडा खाल्लेल्या. तिथल्या बाबूंचा दोष म्हणवत नाही. त्यांना हे कागद म्हणजे जागा अडवणारं ओझं आहे असंच शिकवलं गेलंय.

---

खडूफळा

कोतवाल बुकाचं माहीत नव्हतं. धन्यवाद. आमच्या संघासाठी हेच सुरुवातीला बरं दिसतंय, जवळही आहे.

---

रानवारा

थोडं अवांतर, पण वंशावळ शोधणाऱ्यांच्या कामाचं. सरकारी कागदाइतकीच जुनी खासगी दफ्तरं आहेत. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. गाव आणि आडनाव सांगितलंत की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते शोधून काढतात, आणि वहीत तुमच्या खापरपणजोबांनी यात्रेला आल्यावर केलेली नोंद निघते, सोबत कोण कोण होतं त्यासकट. आमच्या घराण्याची अशी नोंद बघून माझ्या वडिलांची बोलतीच बंद झाली होती.

कोल्हापूर-सांगली भागात आणि खाली कर्नाटकात हेळवी येतात. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांची वंशावळ सांगणारे लोक. काही जण घडाघडा म्हणतात, काहींकडे जुनी बाडं असतात. यांचं काम आता कमी कमी होत चाललंय. पुरालेखागार कुठे पळून जात नाही, पण म्हाताऱ्या हेळव्याला गाठायचं असेल तर आजच गाठा.

एक सावधगिरी. वंशावळ सांगणारा यजमानाला खूष करायलाही सांगतो. पहिल्या पाच-सहा पिढ्या जमिनीवर, त्याच्या वर गेलं की एकदम देवगिरीचे यादव. तेवढं कानाआड करायचं.

---

मावळतीर

@रानवारा "एकदम देवगिरीचे यादव" हे भारीच. यादवांचे प्रधान हेमाडपंत यांनी मोडी आणली ही गोष्टही त्याच थाटाची. सांगतात सगळे, पुरावा मागितला की गप्प.

---

गावशीव

@दौत तुम्ही सांगितल्याप्रमाणे आजोबांचं सांगणं लिहून काढायला बसलो, तर आत्याकडून एक कागद निघाला! जुन्या ट्रंकेत तळाला वर्तमानपत्राखाली होता. घडीवर फाटलाय. माझ्या मेहुण्याने सेलोटेप लावू का विचारलं, मी थांबवलं. मोडी येणाऱ्या एका ओळखीच्यांनी पहिली ओळ वाचून दिली:

'सु॥ सन अर्बा अशरीन मयातैन व अलफ, छ १५ रबिलाखर'

पुढे आमच्या मूळपुरुषाचं नाव आहे असं म्हणतात, आणि 'मौजे' सारखा शब्द. गाव सातारा जिल्ह्यात. ही तारीख कोणती? पेशवाईतली आहे ना?

---

मावळतीर

सेलोटेप थांबवलात, फार मोठं काम केलंत. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात मुरतो, मग तो काढताना अक्षरंच निघून येतात. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते पुन्हा काढताच येत नाही. सध्या घडी उलगडून, दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, ट्रंकेत परत घालू नका. उजेडात, फ्लॅश न वापरता, सरळ वरून फोटो काढा. मागची बाजूही काढा. मागे शिक्का किंवा 'बार' अशी दफ्तरी नोंद असते आणि लोक तीच विसरतात.

आता तारीख. हा सुहूर सन, म्हणजे अरबी सन. आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून वर जातात. अर्बा चार, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. एकूण १२२४. या सनात वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणून जून ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधली असेल तर ६००. पडताळा हवा असेल तर पानिपतच्या वेळचे कागद बघा. तिथे 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१ असतं, लढाई जानेवारीतली, ६०० मिळवले की १७६१.

तुमचं साल १८२३-२४. 'छ' म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिना, रबिलाखर. त्या वर्षी तो महिना डिसेंबरात पडतो. तेव्हा ५९९ मिळवा, डिसेंबर १८२३. नेमका दिवस मोडकांच्या जंत्रीत (जुन्या सनांच्या तारखांचा इंग्रजी तारखांशी मेळ देणारं पुस्तक) पाहून सांगतो, एखाद्या दिवसाचा फरक चंद्रदर्शनावर पडतो.

---

दौत

म्हणजे पेशवाई जाऊन पाच वर्षं झालेली. @गावशीव, यावरून शोधायची दिशाच बदलते. १८१८ नंतर साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांचं राज्य होतं, ते १८३९पर्यंत गादीवर होते. तुमचा कागद त्या राज्यातला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा पेशवे दफ्तरात पागेचे रुमाल मागत बसू नका, सातारा राज्याचे कागद कुठे कसे लावले आहेत ते अर्ज करतानाच विचारा. आणि कागद सनद असेलच असं धरून चालू नका. कौलनामा असेल, कर्जरोखा असेल, भावाभावांच्या वाटणीचं पत्रही असेल.

---

गावशीव

वाटणीपत्र निघालं तर आत्या आणि काका पुन्हा भांडतील. :) पण वाचून घेतोच. पूर्ण फोटो आज रात्री टाकतो, मागच्या बाजूसकट. नावं झाकू का?

---

उंबरठा

दोनशे वर्षांपूर्वीची नावं झाकून काय करणार? आजच्या माणसांची, गट नंबरची, घरच्या पत्त्याची काही चिठ्ठी सोबत असेल तर ती तेवढी टाकू नका. आणि त्या कागदात कोण्या बाईचं नाव दिसलं तर मला आधी सांगा.

---

मावळतीर

फोटो मोठ्या आकारात टाका. इथे आपोआप लहान होतात आणि मग 'पा।' आणि 'ता।' सारखेच दिसतात. मी ओळीओळीने वाचून खाली देत जाईन, ज्यांना मोडी येते त्यांनी दुरुस्त करत चला. पहिल्या वाचनात बरोबर लागलेला कागद मी अजून पाहिलेला नाही.